तपासणीची वेळ कंपनीची, रिपोर्ट कामगाराचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यात, गोदामात, बांधकामावर किंवा सफाईच्या कामावर आरोग्य तपासणी ठेवली की एक तक्रार हमखास ऐकू येते. 'एवढा खर्च करून शिबिर लावले, पण कामगार फिरकलेच नाहीत. त्यांना तब्येतीची किंमतच नाही.' रांगेत पुढे असतात ती ऑफिसातली मंडळी. औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हे निदान साफ चुकीचे वाटते. त्यावर बेतलेले उपायही मग चुकतात: आणखी मोठे पोस्टर, आणखी एक भाषण, आलेल्याला पाण्याची बाटली भेट.

हातावर पोट असलेल्या माणसाला शरीराची किंमत कोणी सांगायला नको, त्याची कमाईच शरीरावर चालते. तो येत नाही याची कारणे साधी आहेत. खाडा पडतो. रिपोर्टमध्ये काही निघाले तर काम जाईल, ही धास्ती असते. तपासणी अशा वेळी आणि अशा जागी ठेवलेली असते की पोहोचताच येत नाही. आणि मागच्या वर्षी रक्त काढून नेले त्याचे पुढे काहीच कळले नाही, हे तो विसरलेला नसतो. चारही कारणे व्यवस्थेतली आहेत आणि चारही दूर करता येतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1985 साली व्यावसायिक आरोग्य सेवांबाबत 161 क्रमांकाचा करार केला. त्याचे 12वे कलम सांगते, की कामाच्या संदर्भातल्या आरोग्य तपासणीमुळे कामगाराच्या कमाईला कात्री लागू नये, तपासणी मोफत असावी आणि शक्यतो कामाच्या वेळेतच व्हावी. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही. पण कामगार तपासणीला यावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी पहिल्यांदा हे कलमच अमलात आणावे, कारण त्यात वेळ आणि मजुरी या दोन्ही गाठी सुटतात.

वेळेचा हिशेब मांडून पाहा. एका लाईनवर 40 जण आहेत असे धरू. उंची-वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, बोटातल्या थेंबावर साखर, जवळची नजर आणि डॉक्टरांशी दोन शब्द, हे सगळे माणशी 20 मिनिटांत होते; अट एवढीच की टेबल कामाच्या जागेला लागून हवे. दोन बदली कामगार दिले तर एका वेळी दोघांना सोडता येते. 20 जोड्यांची 400 मिनिटे झाली. पाळी 480 मिनिटांची असते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीसकट सगळे बसते आणि लाईन थांबत नाही. खर्च काय, तर दोन माणसांची एका पाळीची मजुरी. प्रत्यक्षात बदली माणूस दिला जात नाही, 'काम सांभाळून जाऊन या' असा निरोप फिरतो, सुपरवायझरच्या डोक्यावरचे टार्गेट तेवढेच राहते आणि मग तोच 'नंतर बघू' म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बदली माणूस मिळत नसेल तर त्या दिवसाचे टार्गेट कमी केल्याचे त्याला लेखी मिळायला हवे. पीसवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणाऱ्याला त्या वेळेचे पैसे त्याच्या नेहमीच्या सरासरी कमाईच्या दराने द्यावेत. मूळ किमान दर लावला की त्याचे नुकसान होते आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

रात्रपाळीचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. त्या कामगाराला सकाळी 10 वाजता बोलावणे म्हणजे दिवसपाळीच्या माणसाला मध्यरात्री उठवून रांगेत उभे करण्यासारखे आहे. तपासणीचे पथक एकदा तरी रात्रीच्या पाळीत आले पाहिजे, तेही पाळीच्या पहिल्या दोन-तीन तासांत. उपाशीपोटी साखर तपासण्याचा आग्रहही इथे सोडावा. आठ तास पोटात काही नसताना जड काम करायला लावणे धोक्याचे, आणि रात्रपाळीत 'उपाशीपोटी' म्हणजे नेमके कधी यातच गोंधळ होतो. त्याऐवजी एचबीए1सी ही रक्ताची चाचणी करावी. तिला उपाशी राहावे लागत नाही, दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. 5.7 ते 6.4 टक्के आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेह पक्का करायचा. मात्र ज्याला ॲनिमिया किंवा हिमोग्लोबिनचा आजार आहे त्याच्या बाबतीत हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबतच पाहावे.

आणखी एक गळती यादीतच होते. यादी पगारपत्रकावरून काढली की कंत्राटी, रोजंदारी आणि बदली कामगार आपोआप बाहेर पडतात. धूळ, उष्णता आणि ओझे यांच्या सर्वांत जवळ बहुतेक वेळा हीच माणसे असतात. यादी गेटवरच्या हजेरीवरून काढावी, आणि ठेकेदाराशी करार करतानाच तपासणीच्या वेळेची मजुरी कोण देणार ते लिहून घ्यावे. ते लिहिलेले नसेल तर दोघेही हात वर करतात.

आता भीतीबद्दल. तपासणीच्या टेबलावर एचआरचा माणूस बसलेला दिसला की अर्धी रांग तिथेच विरते, आणि ते स्वाभाविक आहे. कंपनीला डॉक्टरांकडून फक्त तीनपैकी एक शेरा जायला हवा: कामास योग्य, काही अटींसह योग्य, किंवा तात्पुरते अयोग्य. अटी लागल्या तर त्या कळवाव्यात, उदाहरणार्थ 'उंचीवरचे काम देऊ नये, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी'. आजाराचे नाव, औषधे, रक्ताचे आकडे डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहिले पाहिजेत. व्यवस्थापनाला आकडेवारी हवी असते आणि ती द्यायलाही हवी, पण विभागवार गोषवारा देताना दहापेक्षा लहान गट वेगळा दाखवू नये. पाच जणांच्या पेंट शॉपमध्ये 'एकाला मधुमेह' असे छापले की तो कोण हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळते. दारू किंवा अमली पदार्थांची चाचणी याच टेबलावर, याच दिवशी करू नये. कुठे ती सुरक्षेसाठी लागत असेलही. पण दोन्ही एकत्र आल्या की कामगाराच्या लेखी सगळीच तपासणी पोलिसी ठरते. एचआयव्हीबाबत तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 2010 सालची 200 क्रमांकाची शिफारस स्पष्ट आहे: नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही. आणि 161व्या कराराच्या 15व्या कलमानुसार, गैरहजेरीचे कारण खरे की खोटे हे पडताळण्याचे काम मालकाने या आरोग्य सेवेच्या माणसांना लावायचे नाही. डॉक्टर हजेरी मास्तर झाला की त्याला खरे कोण सांगणार?

'अनफिट' या शब्दाची धास्ती तोंडी आश्वासनाने जात नाही. तपासणीच्या आधीच एका पानावर लिहून नोटीस बोर्डावर लावावे: तात्पुरते अयोग्य ठरल्यास पर्यायी काम कोणते, तेवढ्या काळात पगार किती, पुन्हा तपासणी कधी आणि निर्णय मान्य नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत कसे घ्यायचे. कामगारांच्या बोलीत लिहिलेले हे एक पान दहा पोस्टरांपेक्षा जास्त माणसे आणते.

तपासणी नीट होणे हाही विश्वासाचाच भाग आहे, आणि इथे घाईत खूप चुका होतात. रक्तदाबाचेच घ्या. जिना चढून, ओझे टाकून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तो उभ्या-उभ्या बोलतोय, हात लोंबकळतोय. मग 150 दिसले तर नवल काय? नीट पद्धत अशी: आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे, हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला, मोजताना बोलायचे नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. हमाली करून दंड भरलेल्या माणसाला तो लहान पडतो आणि आकडा उगाच वाढून येतो, म्हणून 32 ते 42 चा मोठा पट्टा टेबलावर असलाच पाहिजे. एका दिवशी 140/90 दिसले म्हणून कोणी रोगी ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. 180/120 च्या वर असेल तर पाच मिनिटांनी परत मोजायचे, आणि सोबत छातीत दुखणे, धाप, नजर धूसर होणे, हातपाय लुळे वाटणे यांपैकी काही असेल तर कागद भरत न बसता थेट इस्पितळात न्यायचे.

ऐकण्याची तपासणी तर बहुतेक ठिकाणी वायाच जाते. कॉम्प्रेसरच्या शेजारच्या खोलीत, किंवा आठ तासांच्या पाळीनंतर, ती उरकली जाते. गोंगाटातून नुकत्याच बाहेर आलेल्या कानाला तात्पुरता बधिरपणा आलेला असतो. त्या अवस्थेतला आलेख 'पहिली नोंद' म्हणून फाइलला लागला की कामगाराचे मोठे नुकसान होते, कारण पुढे कान खरोखर बिघडले तरी पहिल्या नोंदीशी तुलना करता फरक लहानच दिसतो. पहिल्या नोंदीआधी किमान 14 तास कान गोंगाटापासून दूर हवेत. म्हणजे ही तपासणी पाळी सुरू होण्यापूर्वी, शांत कक्षात. गोंगाटाने होणारे नुकसान आधी 4000 हर्ट्‌झच्या आसपास आलेखात खळगा पाडते. बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द कळत नाहीत. टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागतो. हा बिघाड औषधाने भरून येत नाही, म्हणून लवकर पकडण्यालाच किंमत आहे. वर्षभरात 2000, 3000 आणि 4000 हर्ट्‌झवरची ऐकण्याची सरासरी 10 डेसिबलने घसरली असेल तर कानातला प्लग बदलणे, बसवायला शिकवणे आणि मशीनचा आवाज कमी करणे, तिन्ही कामे तिथूनच सुरू व्हायला हवीत.

प्लगचेही तसेच. डबा भरून ठेवला म्हणजे वाटप झाले असे समजतात. फोमचा प्लग स्वच्छ बोटांनी वळून बारीक करायचा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून 20 ते 30 सेकंद बोटाने धरायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. अर्धा बाहेर लटकणारा प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो. आणि तो पूर्ण वेळ घालावा लागतो: 30 डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांपैकी अर्धा तास जरी काढून ठेवला, तरी त्या पाळीचे एकूण संरक्षण 12 डेसिबलवर उतरते. कारण नायॉश या अमेरिकन संशोधन संस्थेच्या मोजमापानुसार 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. 94 डेसिबलला फक्त एक तास उरतो. हा हिशेब समोर मांडला की कामगार प्लग घालतात, असा आमचा विश्वास आहे. 'कंपनीचा नियम आहे' एवढेच सांगितले की सुपरवायझरची पाठ वळताच काढतात.

धुळीत काम करणाऱ्यांची फुंकर चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कौशल्याची आहे. नाकाला चिमटा, छाती पूर्ण भरून श्वास, मग एका दमात जोर लावून किमान सहा सेकंद फुंकत राहायचे. अशा तीन निर्दोष फुंकरी हव्यात आणि सर्वांत चांगल्या दोघींत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. 'चला, झाले' म्हणत दोन सेकंदांत सोडवले की एकूण हवा कमी भरते, पहिल्या सेकंदातल्या हवेचे तिच्याशी गुणोत्तर ठीक दिसते आणि श्वासनलिकेतला अडथळा रिपोर्टमध्ये दिसतच नाही. फुंकून घेणारा तंत्रज्ञ ओरडून प्रोत्साहन देत नसेल आणि यंत्राची रोजची तपासणी तीन लिटरच्या सिरिंजने होत नसेल, तर त्या कागदावर फार विसंबू नये. दगड, वाळू, काँक्रीट कापणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचे. सिलिकोसिस बहुधा दहा किंवा जास्त वर्षांनी दिसतो, बरा होत नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढवतो. तिथे छातीचा एक्स-रे लागतोच, पण त्याहून आधी कटरवर पाणी किंवा धूळ ओढणारा पंखा लागतो.

आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. कामगाराला सल्ला द्यायचा आणि काम आहे तसेच ठेवायचे, असे कार्यक्रम त्याला पटत नाहीत, आणि त्याचे बरोबर आहे. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला 'रोज दहा हजार पावले चाला' सांगणे हा त्याचा अपमान आहे. कामावरचे कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्ट तासन्‌तास चालतात, मधे सावरायला वेळ नसतो, वेग स्वतःच्या हातात नसतो. म्हणून त्यातून हृदयाला व्यायामाइतका फायदा होत नाही. पाठीच्या दुखण्यावर 'गुडघ्यात वाकून उचला' हे भाषणही असेच अपुरे. नायॉशच्या सूत्रात सर्व परिस्थिती आदर्श असेल तर उचलण्याची शिफारस केलेली कमाल 23 किलो आहे. वस्तू शरीरापासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटरवर असेल तर ती निम्मी होते. हात जमिनीपर्यंत न्यावे लागले तर आणखी घटून साधारण 9 किलोवर येते. म्हणजे वीस किलोचे खोके जमिनीवरून, हात लांब करून उचलणारा माणूस कितीही नीट वाकला तरी मर्यादेच्या दुप्पट ओझे उचलतोय. खोके कमरेखाली, साधारण 75 सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर आणि अंगाजवळ येईल अशी मांडणी केली की पाठीच्या शिबिराची गरज पुष्कळ कमी होते.

उन्हातल्या किंवा भट्टीजवळच्या कामात दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर पाणी प्यावे, तासाला दीड लिटरच्या आत. नवीन कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या 20 टक्केच वेळ ठेवावे आणि रोज 20 टक्क्यांनी वाढवावे. हे सगळे पोस्टरवर असते. पण स्वच्छतागृह दूर असेल, घाणेरडे असेल किंवा जायला परवानगी घ्यावी लागत असेल तर कामगार, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. तिथे पाण्याच्या पोस्टरपेक्षा स्वच्छतागृहाची किल्ली हे आरोग्याचे काम आहे.

हा नुसता मताचा मुद्दा नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या 160 ठिकाणांपैकी 20 ठिकाणे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथे आहार, व्यायाम, ताण यांवरचा कार्यक्रम राबवला गेला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, दीड वर्षानंतर व्यायाम करतो असे सांगणारे वाढले होते, पण रक्तदाब, वजन, गैरहजेरी आणि वैद्यकीय खर्च यांत लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या पाहणीत दिसले की अशा कार्यक्रमांत स्वतःहून येणारे आधीपासूनच जास्त निरोगी असतात. याउलट मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यांचा 2002 सालचा अभ्यास पाहा. जिथे धूम्रपान सोडण्याच्या सल्ल्याबरोबर कारखान्यातले धोके कमी करण्याचे कामही हाती घेतले, तिथे तासाच्या मजुरीवरच्या कामगारांपैकी सुमारे 12 टक्क्यांनी सिगारेट सोडली. नुसता सल्ला दिला तिथे सुमारे 6 टक्क्यांनी. मालक स्वतःच्या वाट्याचे करतोय हे दिसले की कामगार आपल्या वाट्याचे करतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर. अनेक कामांत धूम्रपानासाठी मिळणारी पाच मिनिटे हीच काय ती हक्काची विश्रांती असते. सोडणाऱ्याची ती सुट्टीही जाते! म्हणून सगळ्यांनाच, न ओढणाऱ्यांनाही, तेवढी सुट्टी मिळाली पाहिजे. निकोटिन गम देताना ताकद पाहावी: जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळला आणि लाळ गिळली की उचकी लागते, मळमळते, आणि माणूस दुसऱ्याच दिवशी टाकून देतो. तिखट चव येईपर्यंत हळू चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. असा अर्धा तास. आधीची 15 मिनिटे कॉफी किंवा आंबट पेय नको. ज्याला हृदयाचा त्रास आहे किंवा जी गर्भवती आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बक्षिसांबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. लकी ड्रॉने पहिल्या दिवशी गर्दी होते, तिसऱ्या महिन्याच्या फेरतपासणीला कोणी नसते. वजन कमी करण्याच्या स्पर्धा तर बंदच कराव्यात; उपाशी राहून मशीनवर उभा राहिलेला माणूस बोट गमावू शकतो. त्यापेक्षा त्याच दिवशी गुण येणाऱ्या गोष्टीने सुरुवात करावी. चाळिशी उलटलेल्या कामगाराला जवळचे धूसर दिसते. वाचनाचा चष्मा हातात पडला की मोजमापाच्या गेजवरचे आकडे तिथेच स्पष्ट होतात. कानातला मळ काढून दिला तरी तसेच. अशा माणसाकडून दहा जणांना जे कळते ते भोंग्यावरून कळत नाही. वीस-पंचवीस कामगारांमागे एक जण त्यांनीच निवडावा, तो सुपरवायझर नसावा, रात्रपाळी, कंत्राटी आणि स्त्री कामगारांतूनही असावेत, आणि या कामाच्या वेळेचा पगार त्यांना मिळावा.

यश मोजण्याची पद्धतही बदलायला हवी. समजा 100 पैकी 60 जण आले, 12 जणांचा रक्तदाब जास्त निघाला, आणि त्यातले तिघेच डॉक्टरांकडे गेले. अहवालात '60 टक्के प्रतिसाद' छापून येईल, पण त्या बारा जणांच्या दृष्टीने कार्यक्रम तिघांसाठीच झाला. जास्त निघालेल्याला सात दिवसांत बोलावणे, महिन्याने पुन्हा मोजणे, सहा महिन्यांनी किती जणांचा ताब्यात आहे ते पाहणे, आणि गोळ्या रात्रपाळीतही दवाखान्याच्या खिडकीवर मिळणे, हे नसेल तर तपासणी करूच नये असे आम्ही म्हणू. आजार आहे हे सांगून उपचाराविना सोडण्याने विश्वास तेवढा संपतो.

कामगार बंधू-भगिनींना एवढेच सांगायचे आहे, की वरच्या त्रुटी आहेत म्हणून तपासणीच टाळू नका. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षे काही जाणवू न देता वाढतात. बाही वर करण्याआधी विचारा: ही तपासणी कायद्याने आवश्यक आहे की ऐच्छिक? रिपोर्ट कोणाकोणाला जाणार? काही निघाले तर पुढचा खर्च कोणाचा? या वेळेची मजुरी मिळणार का? उत्तरे तोंडी मिळाली तर युनियनमार्फत किंवा तुमच्या गटाच्या प्रतिनिधीमार्फत लेखी मागा. आणि प्रत मागितल्याशिवाय उठू नका. ऐकण्याचा आलेख, फुंकर चाचणीचा कागद, एक्स-रे हे सगळे तारखेसह एका फाइलमध्ये घरी ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नोकरी बदलली, कंपनी बंद पडली, ठेकेदार गेला, आणि दहा-पंधरा वर्षांनी कान किंवा छातीचा त्रास निघाला, तर तो कामामुळे झाला हे दाखवायला तुमच्याकडे हेच कागद असतील. नवीन डॉक्टरांना तुम्ही कोणते काम करता, किती वर्षे, कोणत्या धुळीत, हे न विचारता सांगा. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली आपल्या व्यवसायबंधूंना रुग्णाचा धंदा विचारायला सांगितले होते. आजही घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तो प्रश्न राहून जातो.

दहा-पंधरा माणसांच्या लहान कारखान्यांना हे सगळे झेपणार नाही, असे म्हटले जाईल. त्यांच्यासाठी दोन पट्ट्यांचे एक स्वयंचलित रक्तदाब यंत्र, ग्लुकोमीटर, वजनकाटा, मोजपट्टी आणि जवळच्या नजरेचे कार्ड एवढे साहित्य आणि महिन्यातून एकदा दोन तास येणारी परिचारिका पुरेशी आहे. ऐकण्याची, फुंकरीची तपासणी आणि एक्स-रे यासाठी शेजारच्या पाच-सात कारखान्यांनी मिळून वर्षातून एकदा फिरते पथक बोलवावे. पथक येण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक कारखान्याने आपल्याकडचा गोंगाट, धूळ आणि रसायने यांची यादी त्यांना द्यावी, म्हणजे कोणाची कोणती तपासणी करायची ते कामावरून ठरेल, सगळ्यांना सरसकट एकच पॅकेज लावले जाणार नाही.

आपले विश्वासू,
औद्योगिक आरोग्य सेवेत काम करणारे काही वाचक